ठिपक्यांचा हेकरू

दौंड, १६ नोव्हेंबर १९५८, रविवार

काल मुंबईहून परत. आज उपासनेला दांडी, सकाळपासून डार्करूममध्ये. रोल धुतला. बारा फोटो, बाराही मत्स्यालयाच्या काचेचे. काचेत मी, माझी टोपी, मागे एक लठ्ठ गृहस्थ आणि मधोमध फ्लॅशचा पांढरा गोळा. एका फोटोत माशाचं शेपूट आहे असं मार्था म्हणते. मला ती टोपीची कड वाटते.

बायको असावी तर अशी. हसली नाही. म्हणजे माझ्यासमोर हसली नाही.

स्टुडिओत आजवर लोकांना ‘हलू नका’ सांगून पोट भरलं. मासे कशाला ऐकतात.

सगळं रूथमुळे. धाकटी बहीण, शिरूरच्या मिशन शाळेत चौथीला शिकवते. पुस्तकात समुद्राचा धडा आहे आणि पोरांनी पाणी पाहिलंय ते घोडनदीचं. हिने वर्गात सांगून टाकलं, माझा दादा मुंबईला जाऊन खऱ्या माशांचे, समुद्रपक्ष्यांचे फोटो काढून आणील, आपण भिंतीवर लावू. हिने शब्द द्यायचा आणि मी धावायचं, ही लहानपणापासूनची वहिवाट.

पण पाहिलं ते काय वर्णावं. अंधारी खोली, भिंतीत काचेच्या खिडक्या आणि खिडकीत समुद्र. पाकट म्हणून एक मासा, घोंगडीसारखा चपटा. कडा हलवत वर वर गेला तेव्हा मी कॅमेरा हातात आहे हेच विसरलो. समुद्रघोडा बोटाएवढा, शेपटीने गवताला धरून ताठ उभा. देवाने हे सगळं घडवलं आणि पाण्याखाली ठेवून दिलं, कुणी बघो न बघो. पुन्हा जाणार. फ्लॅश नेणार नाही.

२३ नोव्हें.

शि.हून आईचा निरोप. रूथला नगरचं स्थळ आलंय. मुलगा योहान, दवाखान्यात कंपाउंडर, माणसं सरळ. त्यांना मुलीचा फोटो हवा. आई म्हणते, मागचाच पाठव, त्यात लई ग्वाड आलीया.

मागचाच. टेबलाच्या खणात त्याच्या दोन प्रती आहेत, दोन घरांहून परत आलेल्या. नकार तोंडाने कुणी देत नाही आपल्यात, फोटो परत येतो. दोन्ही वेळेस तसंच. पाहुणे आले, हातातल्या फोटोकडे पाहिलं, समोरच्या मुलीकडे पाहिलं, पोहे खाऊन गेले.

रूथ सहा वर्षांची असताना तिला देवी आल्या. जगली हेच पुष्कळ. गालांवर, कपाळावर वण राहिले. फोटोत मात्र एकही नाही. मार्थाची करामत. निगेटिव्ह उजेडावर धरून अणकुचीदार पेन्सिलीने एकेक खळगा भरते, श्वास रोखून. तालुक्यातल्या किती नवऱ्यामुली तिने गुळगुळीत केल्यात. असा हात पुण्यातही कुणाचा नसेल. आणि वण पुसायचे नाहीत तर लोक स्टुडिओत येतील कशाला.

तरी खण बंद केला. फोटो अजून पाठवला नाही.

३० नोव्हें.

भीमेवर बगळ्यांवर सराव. बगळा बरा, ध्यान लावून उभा राहतो. टिटवीने मात्र दमवलं. ओरडते इथून आणि असते तिथे.

७ डिसेंबर, रविवार

काल मुं. दुसरी खेप. या वेळी डोकं चालवलं. स्टुडिओतल्या मोठ्या कॅमेऱ्याचं काळं फडकं बरोबर नेलं. मत्स्यालय उघडताच आत, फडकं डोक्यावरून काचेला लावून धरलं, कॅमेरा आत, मी आत. बाहेरचा उजेड बंद, काचेत कुणाचंही तोंड नाही. फक्त पाणी आणि मासा. अहाहा.

थोड्या वेळाने फडक्याच्या बाहेर कुजबुज. डोकं काढून पाहतो तो मागे रांग. लोकांना वाटलं आत काही खास दाखवतात. एका नऊवारीतल्या बाईंनी विचारलं, याचं तिकीट निराळं का? पहारेकरी रत्नागिरीकडचा, तो हसून हसून स्टुलावर बसला. मग रांगेतल्या सगळ्यांना एकेकदा फडक्यात घेतलं, काय करणार. त्या बाई बाहेर आल्या आणि काचेला हात जोडून गेल्या.

कासव काही जमलं नाही. हळू चालतं म्हणतात, ते जमिनीवर. पाण्यात पाखरासारखं जातं.

आणि हेकरू. पाटीवर नाव वाचलं. दगडाच्या कपारीत बसलेला, थोराड, खालचा ओठ पुढे काढून. अंगभर तपकिरी ठिपके, गालावर, परावर, ओठांवरसुद्धा. सगळ्या मत्स्यालयात हेच एक गिऱ्हाईक शिस्तीचं. मी मनात ‘हलू नका’ म्हटलं आणि हा खरंच हलला नाही. फक्त डोळा फिरवून माझ्याकडे पाहिलं.

१० डिसें.

हेकरू आला! निगेटिव्ह भिंगाखाली पाहिली. ठिपका न् ठिपका निराळा, कडा स्वच्छ. आजवर काढलेल्या सगळ्या फोटोंत हा वरचा. नवरदेवांनो, माफ करा.

मार्थाला म्हटलं, पाकटाच्या फोटोत पाण्यातला कचरा आलाय तेवढा भर, बाकीच्या निगेटिव्ह पण बघून ठेव. आणि मी लग्नाच्या ऑर्डरीवर केंदूरला गेलो. तिथे जेवण उत्तम.

१३ डिसें.

केंदूरहून आलो तर मोठी प्रिंट वाळत घातलेली. एक मासा. गुळगुळीत, गोरापान, थोराड ओठाचा. हा कोण म्हणून विचारलं.

मार्था खुशीत म्हणाली, "तुमचा हेकरू. लई डाग पडले होते त्याला. दोन दिवस बसले होते."

संतापलो. म्हटलं, अगं ते डाग नव्हेत, त्याचं अंग आहे ते. ठिपके गेले तर तो हेकरू राहिला कुठं? बिचारी पार उतरली. तिचं तरी काय चुकलं. समोर आलेल्या चेहऱ्यावरचे ठिपके भरायचे, हेच आम्ही तिला शिकवलं.

टर्पेंटाइनचा बोळा हलक्या हाताने फिरवला. पेन्सिल निघाली, ठिपके एकेक करून परत आले. दोघंही भिंगातून बघत बसलो. मार्था म्हणाली, रूपवान हाय की. जेवताना मी वरण दोनदा मागून घेतलं. माफी मागायची माझी तीच पद्धत आहे, तिला कळते.

२५ डिसें., नाताळ, शिरूर

सकाळी उपासना, मग आईच्या हातचं जेवण. रूथला फोटो दाखवले. पाकटापाशी किती वेळ थांबली. मार्थाने स्वतःच गोऱ्या हेकरूची प्रिंट काढून दाखवली आणि माझ्या संतापाची नक्कल करून सगळ्यांना हसवलं. रूथ तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग दोन्ही प्रिंटा शेजारी शेजारी ठेवून बघत राहिली. हसणं कधी थांबलं कळलं नाही.

म्हणाली, "दादा, ठिपके पुसले तर तो हेकरू राहत न्हाई म्हणालास. मग माझ्या फोटोतली ती कोण?"

पुढे तीच म्हणाली की नगरला तो फोटो धाडायचा नाही. दोन घरांनी त्या मुलीला पसंत केलं आणि मला बघून परत गेली. तिसऱ्यांदा पोहे करणार नाही.

आई चुलीपाशीच. मान वर न करता म्हणाली, "आपणच उघडं करून कशापायी दावायचं? घरी आल्यावर दिसतंच की. तवा दिसंल ते दिसंल."

रूथ ताट घेऊन उठली. मी लाडू खात बसलो, खाल्ला जाईना.

४ जाने. १९५९, रविवार

काल मुं., या खेपेला रूथ बरोबर. शाळेला सुट्टी आहे, कासव आणि पक्षी राहिलेत, असं आईला सांगितलं. ते खरंही आहे.

फडक्यात डोकं घालून रूथ हेकरूपुढे इतका वेळ उभी की पहारेकऱ्याने मला विचारलं, बाई ठीक आहेत ना? बाहेर आली ती तोंड भरून हसत. म्हणाली, त्याला काही म्हंजी काही वाटत न्हाई रे दादा. कासवही आज मिळालं. काचेपाशी येऊन वळलं, पोटाखालून उजेड आला, दाबलं बटण.

मग बाहेर समुद्राच्या कठड्यावर. थंडीत तिथे पांढरे पक्षी उतरतात, पहारेकरी म्हणाला कुरव. वारा समोरून आला की पंख न हलवता जागच्या जागी तरंगतात. रूथने शिदोरीतली भाकरी कुस्करून उधळली आणि कुरव अंगावर आले. एक तर हाताएवढ्या अंतरावर. पदर उडतोय, डोळे बारीक केलेत, उन्हात तोंड वर करून ती त्याच्याकडे बघतेय.

पक्ष्यासाठी कॅमेरा लावला होता. काढला तो फोटो दोघांचा.

८ जाने.

प्रिंट झाली. ऊन तिरपं असल्याने एकेक वण दिसतो, सावलीसकट. आणि काय दिसते ती! माझी बहीण देखणी आहे. सव्वीस वर्षं डोळ्यांसमोर आहे आणि हे मला काल डार्करूममध्ये कळलं. लिहायला लाज कशाची.

मार्थाने सवयीने पेन्सिलीला टोक केलं. निगेटिव्ह उजेडावर लावली, भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग पेन्सिल डब्यात ठेवून पोळ्या करायला गेली.

हाच फोटो धाड, असा रूथचा शिरूरहून निरोप आला. आईचा निराळा निरोप, की धाडलास तर माझ्याशी बोलू नको. नवऱ्यामुलीचा फोटो म्हणजे मागे पडदा, शेजारी फुलदाणी, नजर खाली. यात डोक्यावर पक्षी. नगरचे लोक काय म्हणतील देव जाणे. तरी दुपारी पाकीट केलं. तिसरा फोटोही परत आला तर ती पुन्हा कुणापुढे बसणार नाही, ओळखतो मी तिला. आणि या वेळी परत येईल तो तिचाच.

पेटीत टाकलं. टाकल्यावर हात काढवेना.

२० जाने.

शाळेच्या भिंतीवर मासे लागले. आज शि.ला बघून आलो. रूथने हेकरू फळ्याशेजारीच लावलाय. कवठे येमाईचे एक आबा नातीला पोचवायला आलेले, ते कासवापुढे उभे. मला विचारलं, ह्ये पाण्यात पडलं कसं? म्हटलं, तिथंच राहतंय. आबा म्हणाले, "मग आपल्या हिरीत पडलेल्या कासवाला सांगाया पायजे."

रूथचा वर्ग बाहेरून ऐकला. पोरं पाकट, कुरव, हेकरू म्हणतात घडाघडा. छाती भरून आली.

नगरहून काही नाही. आई बोलत नाही, पण जेवायला वाढते.

८ फेब्रु., रविवार

काहीच नाही. पोस्टमन दिसला की मी आत जातो, मार्था बाहेर येते. उपासनेत लक्ष नव्हतं. नाही म्हणायचं तर लवकर म्हणा बाबांनो.

रूथ काही विचारत नाही. कासवाची आणखी एक प्रत दे, एवढंच.

११ फेब्रु.

दुपारी दुकानात एकटा. मार्था बाजारात. दारात एक उंचसा माणूस, हातात पिशवी. नगरच्या गाडीनं आलो, पुण्याची गाडी यायला अवकाश हाय, म्हणाला. मी म्हटलं बसा, कसला फोटो काढायचा? म्हणाला, "मी योहान."

मला खुर्ची सापडेना. चहा सांगितला. माशांच्या दुसऱ्या प्रती मी दुकानाच्या भिंतीवर लावल्यात, त्या तो बघत फिरला. हेकरूपाशी थांबून विचारलं, असा असतो का खरंच. म्हटलं, असाच असतो. लाजरा वाटला. पण नजर चुकवत नव्हता.

मग कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून रूथचा फोटो, आणि टेबलावर ठेवला. नकार, आणि तोही स्वतःच्या हाताने आणून देतोय. भला माणूस म्हणायचा.

त्याने फोटोवर बोट ठेवलं. "ह्यो पक्षी कंचा?"

"कुरव. समुद्रावरचा."

"आन् हे वण. तुम्ही फोटोवाले, तुम्हाला पुसता आलं असतं न्हाई का?"

"आलं असतं. तिनं नको म्हटलं."

मान हलवली. चहा आला, तो बशीत ओतून सावकाश प्याला. म्हणाला, मी अन् वडलांनीच बघितलाय. आईला अजून दावला न्हाई. आई म्हंजी... आणि तिथेच थांबला. दवाखान्यात देवीची माणसं बघितलीत पुष्कळ, म्हणाला. त्यातली जगलेली थोडी.

गाडीची घंटा झाली. तो उठला. टेबलावर चहाचा थेंब सांडला होता, तो फोटोपर्यंत जायच्या आत बाहीने पुसला. फोटो उचलला, पाकिटात घातला, पाकीट आतल्या खिशात. येतो म्हणाला आणि स्टेशनकडे भराभर चालत गेला.

मार्था आली. कोण आलं होतं, काय म्हणालं? सगळं सांगितलं. म्हणजे हो की नाही, तिचा प्रश्न. मला तरी काय ठाऊक. आईला आणि रूथला काय कळवायचं तेही सुचत नाही.

तिने परत आलेल्या फोटोंचा खण उघडून पाहिला. फोटो दोनच आहेत.