ज्वारीवर ज्वारी

आई, तीनदा दुकानाच्या पायऱ्या झिजवून काल एकदाची घरघंटी घरी आणली. लग्नासाठी स्थळं बघतानासुद्धा मी एवढे प्रश्न विचारले नव्हते. दुकानदार दगडाच्या घंटीचं कौतुक करत होता, तिच्यात पीठ तापत नाही म्हणून. मला मात्र एवढंच हवं होतं की ती आतून उघडून कानाकोपरा पुसता यावा, आणि तिच्यात आधी कुणी गव्हाचा दाणाही टाकलेला नसावा. पहिल्या दिवशी त्याने हौसेने वाटीभर गहूच दळून दाखवले, तशी मी उठून आले. "मैडम, ब्रश साथ में देते हैं, सब साफ हो जाता है," तो मागून ओरडत राहिला. यांचंही तेच, एकच घंटी घेऊ, आधी लेकीचं दळू, मग आपलं. दुसऱ्या खेपेला त्यावरून दुकानातच आमची जुंपली. शेवटी बंद खोक्यातली, स्टीलच्या पात्यांची घंटी न चालवता घेतली, आणि घरात गव्हाचं पीठच नको असं ठरलं.

हे सगळं तुझ्या नातीसाठी. तू तिला पाहिलं नाहीस. ती अकरा वर्षांची आहे आणि आठ वर्षांची दिसते. जेवली की पोट फुगायचं. "मम्मा, दुखत नाही, मतलब, फक्त भारी वाटतंय," म्हणून ताट सरकवायची. गेल्या वर्षी तपासण्या झाल्या आणि कळलं की तिला गहू चालत नाही, आणि तो जन्मभर चालणार नाही. मी त्याच दिवशी तिच्या पोळ्या बंद केल्या, बार्शीहून ज्वारी मागवली, इथे जवाहर नगरच्या चक्कीवर दळून आणली आणि स्वतःवरच खूश झाले. सहा महिन्यांनी रिपोर्ट जवळपास तसाच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ज्वारी दळता कुठे? चक्कीत आधीच्या गिऱ्हाइकाचं गव्हाचं पीठ अडकून राहतं, तेवढंही तिला बाधतं, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे सहा महिने मी तेच पीठ मळून, थापून, वर तूप घालून लेकीला खाऊ घातलं होतं.

तेव्हापासून ती दुर्गापुऱ्याची चक्की माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तेव्हा आम्ही तिकडे राहायचो, मी नुकतीच कॉलेजात शिकवायला लागले होते आणि तू हिवाळ्यापुरती म्हणून आली होतीस. मी कॉलेजातून परतते आहे आणि तू चक्कीच्या दारात उलट्या डब्यावर बसली आहेस, मांडीवर ज्वारीची पिशवी. बार्शीच्या गिरणीत हे सांगावंही लागत नसे. ज्वारीचे डबे एका रांगेत, गव्हाचे दुसऱ्या, आणि ज्वारी ज्वारीवरच पडायची. इथे हिंदी मुलखात सगळा गहू. कुणाची तरी बाजरी येईल, तिच्यावर आपलं दळून घेऊ म्हणून तू तासभर बसली होतीस. चक्कीवाले भैया हसत होते, "माताजी, पेट में जाके तो सब एक ही होना है." रांगेत माझ्या कॉलेजातल्या एक बाई उभ्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "आई, पुरे हे सोवळं. इथे कुणी असले चोचले करत नाही." तू म्हणालीस, "सोवळं न्हाई गं, गव्हावर दळलेलं मला सोसत न्हाई." मी तुझ्या हातातली पिशवी घेतली आणि भैयांना दिली. त्यांनी ती गव्हावरच दळली.

त्यानंतर तू चक्कीवर गेली नाहीस. निमूट आमच्यासारखी पोळी खायला लागलीस. पोटात गुबारा धरतो म्हणायचीस, तेव्हा मी ओवा पुढे करायची. एकदा तू पोळी ठेवून नुसता वरणभात घेतलास, तर मी म्हणाले, दोन घास पोळीने कुणी मरत नाही. हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिते आहे, कारण ते मऊ करायचा मला हक्क नाही. उन्हाळ्यात तू परत गेलीस तेव्हा पोलकं खांद्यावरून उतरत होतं. अंगात रक्त ठरत नाही असं डॉक्टर म्हणत राहिले, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तू राहिली नाहीस. तुला नक्की काय झालं होतं ते आता कुणीच सांगू शकणार नाही. एवढीच एक पळवाट मला उरली आहे, आणि मी रोज तिच्यातून निसटते.

आज सकाळी घंटी पहिल्यांदा चालवली. लेक पिठात बोट घालून म्हणाली, "हे पूरा माझं?" मी हो म्हणाले. दीड भाकरी खाऊन ती शाळेत गेली आणि मी हे लिहायला बसले. हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणूनच सांगते. हे घराण्यातून येऊ शकतं, आई-बाप दोघांनीही रक्त तपासून घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. यांची तपासणी झाली, त्यात काही निघालं नाही. माझीही तशीच आली, असं मी घरात सांगून टाकलं आहे. खरं तर मी रक्त द्यायला गेलेच नाही. आणि लेकीबरोबर भाकरी खायला लागल्यापासून माझं पोट कधी फुगलेलं नाही.