जमुनेचा डावा दंड

श्री

अमरावती, मार्गशीर्ष वद्य षष्ठी, शके १७८८

तीर्थरूप दादांच्या पायांवर वामनाचे डोके. इकडे घरातली सर्व माणसे उठून-बसून बरी आहेत. तिकडे तुम्ही, सत्यभामावहिनी आणि बाळ सहदेव यांचे कुशल लौकर कळवावे, म्हणजे माझा जीव थाऱ्यावर येईल.

तुमचे पत्र पोचले. आमच्यापाशी ठेवलेल्या तुमच्या जमुनेला देवी काढणाऱ्या माणसाच्या सावलीलाही उभी करू नये, असे तुम्ही बजावून लिहिले आहे. वाचले. त्याचे उत्तर खाली लिहितोच. आधी गावची खबर ऐका.

गावात साहेबलोकांचा नाताळ चालू आहे. कचेरीला कुलूप, खजिन्याला पहारा, आणि डिप्टीसाहेब मेळघाटात वाघामागे गेलेले. मागे राहिलो आम्ही शहर कमिटीचे पंच. मला पंच नेमले तेव्हा तुम्ही हसून म्हणाला होतात, की वामन्याला आता बसायला खुर्ची मिळाली, बोलायला तोंड मिळो. तोंड मिळाले दादा, आणि तेच नडले. पण ते पुढे.

आम्हा पंचांतल्या नत्थुजींनी साहेबांच्या बंगल्यावर नाताळाच्या भेटीची डाली पाठवली. केळी, पेरू, ऊस, वर गोंड्याच्या माळा, अगदी वरातीसारखी वाजतगाजत. साहेब तर जंगलात. डाली खानसाम्याने उतरवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी तीच केळी बाजारात विकायला दिसली म्हणतात. नत्थुजी तेव्हापासून कोणाशी धड बोलत नाहीत.

परकोटाच्या दरवाज्यात कापसाच्या गाड्या रोज अडकतात. अमेरिकेतली लढाई संपली, भाव उतरला, तेजीत ज्यांनी माड्या चढवायला घेतल्या त्यांच्या भिंती छपरावाचून उभ्या आहेत, तरी गाड्या काही थांबत नाहीत. आम्ही हुकूम काढला की बैल गावाबाहेर सोडावेत. गाडीवान म्हणतात, बाहेर पाणी कुठे आहे? खरेच नाही. आता टाके बांधायचे ठरते आहे. टाके कोणाच्या शेतात, यावर दोन बैठकी भांडणात गेल्या. बंगल्याच्या रस्त्याला कंदील लावले आहेत. तेल रोज कोण पिते ते कळत नाही.

जमुना मजेत आहे. खाते-पिते, काकूच्या, दुर्गाबाईच्या, मागे मागे हिंडते. डाव्या कुशीवर तेवढी निजत नाही.

हे शेवटचे वाक्य खोडणार होतो. राहू दे. तुम्ही हुशार आहात, पत्र इथेच खाली ठेवून वहिनींना हाक माराल. मारू नका. पुढे वाचा.

लस टोचून देवी काढणारे गयासुद्दीन मियाँ नाताळाच्या आदल्या दिवशी पहाटेच इथे आले. मूळचे बाळापूरचे, सरकारने नेमलेले. सोबत एलिचपूरच्या एका मुसलमान विणकराचा वली नावाचा पोरगा आणि त्याची आई अकीला. पोरगा का आणला, ते त्यांनी चावडीत आम्हा पंचांना समजावून सांगितले. ही लस कुपीत टिकत नाही. ती एका मुलाच्या दंडातून दुसऱ्या मुलाच्या दंडात, अशी गावोगाव चालत जाते. टोचल्यावर आठव्या दिवशी फोड पाण्याने भरतो. ते पाणी तेव्हाच पुढच्या मुलाला लावायचे. एक-दोन दिवस उशीर झाला, की पाण्याचा पू होतो आणि वाट तिथेच संपते. वलीचा फोड भरत आला होता.

"पंचसाहेब, कल दोपेर तक," मियाँ म्हणाले. "त्याच्या बाद हे पानी बी गेलं, अन् अकोल्याचा रस्ता बी बंद. साहेबाचा हुकूम हाये का इथून अकोल्याले जाचं. तिथं देवी आल्या."

दादा, तुमच्या पत्रात अकोल्यात देवी आल्याचा एक शब्द नाही. मला मियाँकडून कळले, मग गाडीवानांकडून, की तुमच्याच आळीत दोन घरांना कडुलिंबाचे डहाळे लागले आहेत. तुम्ही लपवले, मीही लपवतो आहे. एका आईचे आहोत हे दिसते.

मी चावडीत मोठ्या तोंडाने म्हणालो, की माणसे मुले घेऊन येतील, ती जबाबदारी माझी. दवंडी पिटवली. सकाळपासून दिवे लागेपर्यंत मियाँ चावडीच्या ओट्यावर बसून राहिले. एक मूल आले नाही. ज्या गल्लीत एरवी पोरांच्या पायात पाय अडकतो, तिथे कुत्रीसुद्धा दिसेनात.

नत्थुजी म्हणाले, "वामनराव, मी तं आनलंच असतं पोरगं, पन ते आजच मामाच्या घरी गेलं मोर्शीले." दुसरे पंच खुशालराव जरा शास्त्र जाणतात. ते म्हणाले, "गाईच्या देवीचं पानी हाये, कबूल. गाय पवित्र, तेई कबूल. पन आता आलं कोनाच्या हातातून?" आणि वलीकडे पाहिले. पोरगा ऊस खात होता. त्याच्या आईने पदर पुढे ओढला आणि त्याचा दंड झाकला. मला खुशालरावांचा राग आला. पण मिळालेले तोंड तेव्हा नेमके बंद पडले.

घरी येऊन मी दुर्गाबाईसमोर साऱ्या गावाला शिव्या दिल्या. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "लोकायचे पोरं मांगता, अन् आपल्या घरातली पोरगी माजघरात दडवून ठेवता. मंग लोकं काहून आनतीन?"

मी म्हणालो, "ती आपली नाही. दादाची आहे."

तिने थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "मायी नाई, हे मले ठाव हाये. रोज ठाव असते. पन उद्या तिले देवी आल्या, तं तवा कोनाची म्हनसान?"

दादा, याचे उत्तर काय? तुमच्याकडे असेल तर कळवा.

आज इतकेच लिहवते.

*

वद्य अष्टमी

पत्र परवा धाडले नाही. घडी घालून उशाखाली ठेवले आणि दोन दिवस त्यावर डोके ठेवून जागा राहिलो. बैठकीत बसवत नाही, बाजारात उभे राहवत नाही. दर घटकेला घरात जाऊन पोरीच्या कपाळाला हात लावतो. परवा तिने माझा हात झटकला आणि म्हणाली, "काका, मले झोपू द्या ना." आता सरळ लिहितो.

नाताळाच्या सकाळी मी जमुनेला मांडीवर घेऊन बसलो आणि गयासुद्दीन मियाँनी तिच्या डाव्या दंडावर देवी काढल्या.

मांडीवर घेताना मला तुम्ही दिसलात. तुमच्या सूर्यभानला असेच मांडीवर धरून तुम्ही बसला होतात. त्या साली कापसाला वेड लागले होते, तुम्ही खामगावच्या बाजारातून मुद्दाम परत आला होतात, पोराला देवीची टीका घालायची म्हणून, नाहीतर त्या गर्दीत कोणाला घराची आठवण होती? तुम्ही त्याचे भलेच करायला बसला होतात. बाराव्या दिवशी ते लेकरू गेले, आणि तुम्ही शपथ घेतलीत, की माझ्या घरातल्या मुलाच्या कातडीला पुन्हा लोखंड लागणार नाही. मी तिथेच उभा होतो. ती शपथ मी मोडली आहे. न विचारता मोडली, कारण विचारले असते तर तुम्ही नाही म्हणाला असता.

मियाँना मी सूर्यभानचे सांगितले. ते सुई खाली ठेवून ऐकत राहिले. मग म्हणाले, "तो टीकेवाला मानसाच्याच देवीची खपली लावत होता साहेब. आग आगीनं बुझवाची, तसं. कधी बुझते, कधी घर जयते. हे ते नोहे. हे गाईचं हाये, याच्यानं फक्त एक फोड येते." मला ते पटले. पटले म्हणून भीती गेली असे नाही. त्यांच्या हातात सुई चमकली तेव्हा मी डोळे मिटले. पंच मिटतो तसे नव्हेत, काका मिटतो तसे.

अकीलाने वलीला जवळ बसवले होते. तिने दुर्गाबाईला हळूच विचारले, "बाई, माह्या पोराचं पानी तुमच्या पोरीले चालन ना?" दुर्गाबाईने जमुनेच्या चोळीची बाही स्वतः वर केली आणि म्हणाली, "चालन नाई तं काय! दुसरा हात धर तिचा, हालवते ते." दोघींनी मिळून पोरीला धरले. मी नुसती मांडी. जमुना रडली नाही. वलीने तिला जीभ काढून दाखवली, तिने त्याला दाखवली, तेवढ्यात काम झाले. मायलेक दुसऱ्याच दिवशी एलिचपूरला परतले. जाताना दुर्गाबाईने वलीला आपल्या हाताने लाडू बांधून दिले.

आता दंडावर हरभऱ्याएवढा फोड धरला आहे, मध्ये जरा खळगी. मियाँ रोज पाहतात आणि मान हलवतात. अंगाला किंचित कणकण येते, तोंडाची चव मात्र शाबूत आहे. कालपासून गावच्या बायका काही ना काही निमित्ताने अंगणात येतात. कोणाला विरजण हवे, कोणाला जाते. पाहतात पोरीकडेच. आज सकाळी खुशालराव स्वतः आले. पागोटे सारखे करत म्हणाले, "आमच्या नातवाले बी काढता येईन काय?"

मियाँ म्हणाले, फोड भरायला अजून अवकाश आहे, आणि भरेल त्या दिवशी ही पोरगी अकोल्यात पाहिजे. तिथे देवी घरात शिरली आहे, इथे अजून नाही.

"मंग आमचं काय?" खुशालराव म्हणाले.

"अकोल्यात जे पोरगं टोचीन, त्याच्या हातानं पानी वापस आनीन."

खुशालरावांनी माझ्याकडे पाहिले. अकोल्यात ते मूल सहदेव व्हावे, हे माझ्या मनात होते. त्यांनी ते ओळखले आणि पागोट्याला हात लावून उठले. मी पंच आहे म्हणून गावाचे नाव पुढे करत नाही, दादा. गाव नसते तरी मी आलोच असतो. तुमच्या आळीत दोन घरे लागली आहेत आणि सहदेव रांगायला लागला आहे. रांगते मूल शेजारच्या उंबऱ्यापर्यंत कधी जाते, कळत नाही.

म्हणून आज जेवणे होताच दमणी जुंपतो. मी, दुर्गाबाई, जमुना आणि मियाँ. एक मुक्काम मूर्तिजापूरला. पत्र डाकेच्या हरकाऱ्याबरोबर पुढे पाठवतो. ते आमच्याआधी पोचेल, तेवढी एक रात्र तुम्हाला रागवायला मिळेल. कचेरी बंद आहे, साहेब जंगलात आहेत, माझ्याकडे सही-शिक्क्याचा कागद नाही. कोणाच्या हुकुमाने येतो आहे असे सांगण्याचीही सोय नाही. आपल्या मनाने येतो आहे.

तुम्ही दार लावून घ्याल, ही शक्यता मी धरली आहे. तसे झाले तर आम्ही ओट्यावर बसू. वहिनींना हे पत्र वाचून दाखवा. सगळे दाखवा, मधले गाळू नका. सूर्यभान त्यांचाही होता, आणि तुमच्या शपथेच्या वेळी त्यांना कोणी विचारले नव्हते.

मला जे बोलायचे ते बोला. चारचौघांत बोला, वाटले तर हात उचला, मी थोरल्या भावापुढे मान वर करणार नाही. आयुष्यभर घरात पाऊल टाकू नकोस म्हणालात तर टाकणार नाही. सहदेवाची बाही वर करायची की नाही, हे शेवटी बाप म्हणून तुम्हीच ठरवणार. तिथे माझा इलाज नाही, आणि म्हणूनच मला झोप नाही.

फक्त एक मागणे आहे. जमुनेला तुमची शपथ ठाऊक नाही. आपण बाबांना हात दाखवायला चाललो आहोत, एवढेच तिला माहीत आहे. सकाळपासून लुगड्याची चिंधी बांधून तो दंड जपते आहे, कोणाला हात लावू देत नाही. आत्ता माझ्या पाठीशी उभी राहून म्हणते आहे, "बाबाले लिवा, का मी रडली नाई." लिहिले.

दमणी दाराशी थांबली की ती आधी उतरेल आणि पळत येऊन तो हात तुमच्यापुढे धरेल. दादा, तेव्हा माझ्याकडे पाहू नका. तिच्याकडे पाहा, आणि आधी शाब्बास म्हणा. मग मी आहेच.

तुमची लेक घेऊन वाटेला लागलेला,
वामन