आमटीच्या डब्यातून आलेलं बंड

हॅमिल्टन, न्यूझीलंड
कोजागिरीनंतरचा बुधवार

ती. वन्संना,

स्नेहलताचा वाकून नमस्कार. (इथल्या थंडीने कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढं गोड मानून घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावून शेकता, की नुसतंच शेजारणीला त्याच्याबद्दल सांगता? मेतकूट पोचलं. विमानतळावरच्या मुलीने पुडी उघडून वास घेतला, दोनदा शिंकली आणि 'स्वीट ॲज' (म्हणजे इथलं 'ठीक आहे') म्हणून सोडून दिलं. यशोधन आणि सूनबाई ऋचा मजेत आहेत. तुमचे बंधूही मजेत आहेत, त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर बोलायचं तर तुमचे बंधू माझ्याशेजारी स्पीकर लावून बसतात आणि माझी वाक्यं स्वतःच पुरी करतात. व्हॉट्सॲपवर लिहावं तर ग्रुपवर साताऱ्यापासून सिंगापूरपर्यंत सगळे हात जोडलेली चित्रं पाठवतात. यशोधनच्या ऑफिसातली भाग्यश्री मिरजेला माहेरी येते आहे, तिच्या हाती हे आणि खाऊचा एक डबा देते. स्नेहलता या वयात बिघडली, असं तुमच्या दत्तूने तुम्हाला रविवारी सांगितलंच असेल. आता माझ्याकडून ऐका.

आमच्या कुंपणापलीकडे बेव्ह नावाची बाई एकटीच राहते. वय सत्त्याहत्तर, पांढरी वेणी, आणि पायात कधी काही म्हणून नाही. इथे लोक अनवाणी डेअरीत जातात (डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान, दूध काढायची जागा नव्हे, मी पहिल्या दिवशी तांब्या घेऊन निघाले होते), पण ही हिवाळ्यातही तशीच जाते. आल्या आल्या तिने मला पिशवीभर लिंबं दिली. मी लोणचं घालून बरणी तिला दिली आणि आपल्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत, हेही सांगून ठेवलं. मला वाटलं, येतील चार अंडी. बरणी परत आली ती आत एक पुस्तक गुंडाळून. मग मी आमटी पाठवली, डब्यातून कविता आल्या. थालीपीठ गेलं, एक जाडजूड कादंबरी आली. सगळी पुस्तकं एकाच जातीची, म्हणजे पंचावन्न-साठ वर्षांपूर्वी अमेरिकेत ज्या तरण्याताठ्या मुलामुलींनी घरादाराविरुद्ध, सरकारविरुद्ध, लढाईविरुद्ध आणि साबणाविरुद्ध बंड केलं, त्यांची. बेव्ह विसाव्या वर्षी इथून पळून त्यांच्यात जाऊन राहिली होती.

वन्सं, खरं सांगते, मला वाचनाची अशी भूक कित्येक वर्षांत लागली नव्हती. इंग्रजी बेताचं, त्यामुळे एकेक पान दोनदोनदा वाचायचं, पण पुढे काय, याची हुरहूर लागून राहायची. हे लोक बंड करून गेले कुठे, तर जमिनीवर चटई टाकून झोपायला, अनवाणी फिरायला, केस वाढवायला, उदबत्ती लावून ॐ म्हणायला आणि रोज डाळभात खायला. म्हणजे आईबापांशी भांडून, हजारो मैल चालून ही मंडळी शेवटी आपल्या जुन्या वळणाच्या आत्याबाईंच्या घरी पोचली की! फक्त आत्याबाईंनी त्यांना आंघोळ केल्याशिवाय आत घेतलं नसतं. मी कुंपणापाशी उभी राहून बेव्हला प्रश्न विचारायची. तुम्ही नक्की कोणाविरुद्ध होतात? ती म्हणाली, सगळ्यांविरुद्ध. मग घरभाडं कोण भरायचं? ती म्हणाली, कोणीतरी. आजारी पडलात तर? तिला आठवेना. आणि मग मी तो प्रश्न विचारला, जो पहिल्या पुस्तकापासून माझ्या डोक्यात घोळत होता. त्या पुस्तकांत मुलगे गाड्या उडवत देशभर हिंडतात, रात्रभर कविता म्हणतात, पहाटे तीस जणं कोणाच्या तरी घरात घुसतात आणि पोटभर जेवतात. पण कुठल्याही पानावर कोणी कणीक भिजवत नाही. तर, म्हटलं, स्वयंपाक कोण करायचं?

बेव्ह इतकी हसली की कुंपण धरून खाली गवतात बसली. "वी डिड, लव्ह. द गर्ल्स," म्हणाली. घरात गेली आणि एक पातळ, पिवळी पडलेली पुस्तिका घेऊन आली. तिच्याबरोबर एकत्र राहणाऱ्या त्या लोकांनी हाताने छापलेली, आता तिच्याकडे एवढी एकच प्रत, तरी मला घरी न्यायला दिली. त्यात सगळ्या मुलग्यांच्या कवितांमध्ये एक कविता तिची. तीस माणसं जेवून उठली आणि जग बदलायला बाहेर पडली. मागे एक मुलगी पातेल्याच्या तळाची करपलेली डाळ खरवडते आहे. खरवडता खरवडता तळाशी तिला स्वतःचं तोंड दिसतं. आणि शेवटची ओळ अशी की, जग नंतर बदला, आधी आपापलं अमुक पातेलं घासा. (तो 'अमुक' शब्द तुमच्यापुढे लिहिण्याची माझी प्राज्ञा नाही.) मी ती कविता वाचून स्वयंपाकघरात जाऊन रडले. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. आपल्या पिढीचं पाठांतर तुम्हाला ठाऊक आहे. चार दिवसांत कविता तोंडपाठ झाली आणि मग पोळ्या लाटताना आपोआप मराठीतही उतरली.

तुमच्या बंधूंना हे सगळं पसंत नव्हतं. घरात काय येतं ते तपासायला हवं म्हणून ते चष्मा लावून प्रत्येक पुस्तक आधी स्वतः वाचायचे. (फार बारकाईने तपासायचे. काही पानं पुनःपुन्हा.) आणि यशोधनच्या मित्रांच्या नजरेस मुखपृष्ठं पडू नयेत म्हणून त्यांनी सगळ्यांना तपकिरी कागदाची कव्हरं घातली, अगदी शाळेतल्यासारखी, कोपरे दुमडून. घोटाळा इथेच झाला.

दसऱ्याला सकाळी यांनी साग्रसंगीत सरस्वती मांडली. एकाची सरस्वती पाटीवर, पाटावर पोथ्या, पंचांग, ऋचाचा कॅल्क्युलेटर, यशोधनचा लॅपटॉप, आणि घरातली कव्हर घातलेली सगळी पुस्तकं. हळदकुंकू, अक्षता, झेंडू. यशोधनला मीटिंग होती, त्याने अक्षता झटकून लॅपटॉप उचलला आणि ऑफिसला गेला. पूजेतली वस्तू हलवली म्हणून हे दिवसभर धुसफुसत होते. आता या घरात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाटावरचं पान हलणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. आणि दुपारी बेव्ह आली. संध्याकाळी लायब्ररीत त्या बंडखोर कवितांचं वाचन होतं आणि तिला स्वतःची कविता वाचायला बोलावलं होतं. किआ ओरा (हा इथला नमस्कार) म्हणाली आणि आपली पुस्तिका मागितली.

वन्सं, मी पाटाकडे पाहिलं. पोथीखालून तपकिरी कव्हराचा कोपरा दिसत होता, त्यावर कुंकवाचं बोट. यांना बाजूला घेऊन म्हटलं, परक्या बाईची वस्तू आहे, द्या. तर म्हणाले, सरस्वतीला दिलेलं पुस्तक दुसऱ्या दिवशीच उचलायचं, हा ताईचा नियम आहे. तिने परवानगी दिली तर बघू. (तुम्ही त्यांना लहानपणी हे सांगितलंत ते अभ्यास चुकवायला की काय, देव जाणे, पण ते अजून धरून बसलेत.) तुम्हाला फोन लावला. तिकडे सकाळ, तुम्ही सोवळ्यात. पुन्हा लावला. उचलला तो तुमच्या बाईने आणि ताई पूजेत आहेत म्हणून ठेवूनही दिला.

शेवटी मी बेव्हला खरं ते सांगितलं. ती रागावेल, पुस्तक खराब केलंत म्हणेल, कुंपणावरची मैत्री इथेच संपेल, अशी मला भीती होती. ती पाटासमोर मांडी घालून बसली. (आपल्यापेक्षा छान घालते.) कुठलंही पुस्तक चालतं का, असं तिने यांना विचारलं. यांनी ताठ उभं राहून सांगितलं की सरस्वती निवडानिवड करत नाही. ती पुस्तिका तिकडे पोलिसांनी जप्त केली होती, इकडे तिच्या बापाने ती बंबात घालायला काढली होती, पण तिच्यावर फूल आजवर कोणी वाहिलं नव्हतं, एवढं बेव्ह म्हणाली आणि डोळे पुसले. मीही पुसले. हे उगाच फिजोआच्या (पेरूसारखं एक झाड) फांदीची पानं आणायला बागेत गेले, कारण इथे आपटा मिळत नाही. एक पान तिच्या हातावर ठेवून म्हणाले, सोनं घ्या.

पुस्तक उचलू नका, असं बेव्हनेच सांगितलं. पण तिला कविता अर्धीच आठवत होती. उरलेली मला येत होती. तेव्हा दसऱ्याच्या संध्याकाळी तुमची भावजय नऊवारी नाही पण चांगली इरकल नेसून हॅमिल्टनच्या लायब्ररीत बेव्हशेजारी उभी राहिली. आधी तिने म्हटली, मग मी माझ्या सांगलीच्या इंग्रजीत पुरी करू लागले. समोर सगळे पिकल्या केसांचे लोक, माना डोलावत होते. शेवटच्या ओळीपर्यंत आले आणि त्या शब्दापाशी माझी जीभ अडली. येत होता हो, पण तोंडातून निघेना. बेव्ह माझ्याकडे पाहते आहे, मी छताकडे. आणि मागच्या रांगेतून एक खणखणीत, पाठांतराच्या स्पर्धेतला आवाज आला आणि तो शब्द लायब्ररीभर घुमला. मी वळून पाहिलं. तुमचे बंधू! पुस्तकं नुसती तपासली होती म्हणे. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि हे, इकडेतिकडे पाहत, कोण बोललं असा चेहरा करून बसले होते. मग मी मराठीतही म्हटली. मराठीत यांनी मदत करायच्या आत मी घाईघाईने संपवली.

तर बिघडले ती एवढीच. वडीलधारी म्हणून तुमच्या कानावर असावं, एवढाच या पत्राचा हेतू. दुसरं काहीही मागणं नाही. गुडघ्याला जपा, भाग्यश्रीला जेवू घाला, आणि डबा तिच्याबरोबर रिकामा पाठवू नका.

तुमची,
स्नेहलता

ता.क. एक लहानशी गोष्ट राहिली. पुढच्या महिन्यात टौरंगाला अशाच म्हाताऱ्या बंडखोरांचं दोन दिवसांचं संमेलन आहे आणि बेव्ह मला तिच्या व्हॅनमधून नेणार आहे. मला जायचं आहे, वन्सं. फार जायचं आहे. आयुष्यात मी माहेर नाहीतर सासर सोडून कुठे एकटी गेलेले नाही. हे म्हणतात, ताईला विचार. बंड करायला नणंदेची परवानगी काढणारी मी जगातली पहिलीच असेन, पण रविवारच्या फोनवर तुम्ही आपण होऊन सुचवल्यासारखं म्हणा, की दत्तू, तिला जाऊ दे.

ता.ता.क. पाकीट बंद करत होते, पुन्हा उघडलं. वरचं सांगू नका. आत्ताच ऋचाकडून कळलं की हे गुपचूप बेव्हकडे जाऊन व्हॅनमध्ये तिसऱ्याची जागा आहे का, विचारून आले. बॅग भरून पलंगाखाली ठेवली आहे आणि त्यांना वरणभात लागतो म्हणून तीत कुकरही घातला आहे. तेव्हा तुमच्या पाया पडते, त्यांना एवढंच सांगा, की शेवटची ओळ शब्दासकट पाठ आहे ना? मग दोन दिवस घरी थांब आणि करून दाखव.