साडीवरून घेतलेलं माप

आप्पा, आज एका बाईला मी साडी सोडायला सांगितली आणि दुखऱ्या कमरेला आधार देणाऱ्या पट्ट्याचं माप थेट अंगावर घेतलं. पडदा ओढून, दार लावून. तुम्ही असताना रविवार कारंजा चौकातल्या आपल्या पट्ट्यांच्या दुकानात हे चाललं नसतं. तुम्ही पडद्याबाहेर पाठ फिरवून उभे राहायचात. आत साडीवरूनच टेप आई धरायची, ती गेल्यावर मी. मी आकडा सांगायचे, तुम्ही साडीची दोन बोटं वजा करून लिहायचात. पाचवारी असो की नऊवारी, दोनच बोटं. बायकांची अब्रू राखायची रीत म्हणून दहाव्या वर्षापासून मी ती पाळली.

बाकीचं सगळं तुमच्याकडूनच शिकले, ते नाकारत नाही. ड्रिलचं जाड सुती कापड आधी भिजवून वाळवायचं, नाहीतर शिवल्यावर आटतं. वेत घामाने नरम पडतो, म्हणून कण्याला आधार पोलादी पट्टीचाच, आणि तिच्या टोकांना चामडं. नाडी खालून वर आवळत न्यायची, म्हणजे पोट उचललं जातं आणि पाठ सरळ होते. हे सांगताना तुमचे हात हवेतच कुणाची तरी पाठ सरळ करत असायचे.

पण त्या इगतपुरीच्या मावशी. मणका सरकलेला, पोट भरायचं चार घरी भाकऱ्या थापून, नेसायच्या नऊवारी. पट्टा नेला आणि पंधरा दिवसांनी परत आल्या. सैल होऊन तो खाली घसरत होता आणि पट्टीच्या टोकाने कमरेच्या हाडावरची कातडी सोलली होती. तुम्ही पडद्याबाहेरूनच म्हणालात, सवय होईल. मावशी म्हणाल्या, "मास्तर, सवय तुमच्या पट्टीला लावा. माझ्या हाडाला लय सवयी झाल्यात." मला हसू फुटलं, तुम्हाला राग आला आणि तुम्ही जेवायला निघून गेलात.

तेवढ्या वेळात मी मावशींना लुगडं सोडायला लावलं. नऊवारीच्या घोळाची दोन नाही, चांगली पाच बोटं होती. मी शिवण उसवली, कापड आत घेतलं, पट्टी नव्याने वाकवली. मावशी पट्टा बांधून ताठ चालत दुकानाबाहेर पडल्या, तेव्हा तुम्ही दारात होतात. सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "माझ्या दुकानात परक्या बाईला उघडं केलंस?" मापाबद्दल एक शब्द नाही. महिनाभर टेप माझ्या हाती दिला नाहीत. त्या महिन्यात आलेल्या बायका तुम्ही तशाच माघारी पाठवल्यात, वाकलेल्या.

मी चुकले नव्हते. तेव्हा मान खाली घालून उभी राहिले, आज राहणार नाही. ती अब्रू नव्हती आप्पा, तुमचा संकोच होता, आणि तो बायकांच्या हाडांनी सोसला. आता प्लॅस्टिकच्या पट्ट्या आल्यात, कापड नायलॉनचं आलंय, पण माप अंगाचंच लागतं. मी प्रत्येकीला आधी विचारते. आजवर कुणी नाही म्हणालेली नाही.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. त्याच महिन्यात मावशी पुन्हा आल्या होत्या. चुलीपुढे बसलं की पट्टी वर सरकून बरगडीत रुतत होती. मी माप उभ्यानेच घेतलं होतं, बसवून घ्यायचं मला सुचलं नव्हतं. तुम्हाला ते एका नजरेत कळलं असतं. मी मावशींना सांगितलं, आप्पा गावाला गेलेत, आणि तशाच माघारी पाठवलं. तुम्ही आत सुईत दोरा ओवत होतात.