दरवाज्याशेजारी गज धरलेली मुलगी

अण्णा, आपल्या गावचा दरवाजा पुन्हा उभा राहिला. बाकीचं सावकाश सांगते, पण हे आधी.

तुमच्यामागे स्टुडिओ मीच चालवते. आपल्या इथल्या लालबागची लग्नं, पलीकडच्या शाहपूरच्या केळीवाल्यांची बारशी, सगळं येतं. पण आठवतात ते आपले सुट्टीचे दिवस. तुम्ही मला सायकलवर पुढे बसवायचात आणि गावातले दरवाजे, कमानी टिपायला निघायचात. कापड मोजायचा लोखंडी गज माझ्या हातात द्यायचात आणि भिंतीला लागून उभं करायचात, म्हणजे फोटो बघणाऱ्याला उंची कळावी. उन्हानं गज तापलेला असतो, मी रडकुंडीला आलेली असते, मैत्रिणी खिदळत जातात. मलाही हसू फुटलं की तुम्ही कॅमेऱ्यामागून दटावता, “सीधी उभी राह. हसू नको, गज हलतो. फोटो तुझा नाही, दरवाज्याचा आहे.” फार राग यायचा हो. नुसता माझा म्हणावा असा लहानपणीचा एक फोटो घरात नाही. आई म्हणायची, “लग्नाचं गिऱ्हाईक सोडून लष्कराच्या भाकऱ्या भाजतात.” मला ते पटायचं.

गेल्या पावसाळ्यात दरवाज्याचा वरचा सज्जा कोसळला. दुरुस्तीला आलेला इंजिनियर तसा भला माणूस, पण जुनं मोजमाप कुणाकडेच नव्हतं. म्हणाला, “मॅडम, अंदाज से बांधून टाकू. कोणाला काय समजतंय?” माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मला समजतंय, थांबा जरा. घरी येऊन माळ्यावरचा तुमचा निगेटिव्हचा डबा उतरवला आणि फोटो मोठा करून काढला. त्यात मी, तोंड पाडून उभी, आणि हातात ताठ गज. समोरच्या गच्चीवरून, कॅमेरा जराही न झुकवता काढलेला, एक रेघ तिरकी नाही. तोच गज नेऊन मी त्याच्या टेबलावर आपटला. म्हटलं, हा खरा केवढा आणि फोटोत केवढा ते बघा, आणि मोजा आता. तो पट्टी घेऊन बसला तो चहाही विसरला. शेवटी म्हणाला, “आपण तर सज्जा बराच खाली घेत होतो, मॅडम. बाबूजींनी कमाल केली.” मी म्हटलं, “गज मी धरला होता.”

परवा बांबूची परांची उतरली. रिक्षावाले रिक्षा थांबवून वर बघत होते. चहावाले काका म्हणाले, “जसा होता, वैसाच झाला.” अण्णा, काय भाकऱ्या भाजल्यात तुम्ही! मग त्याच गच्चीवर तुमचाच स्टँड लावला, इंजिनियरला बटण दाबायला उभं केलं आणि खाली येऊन गज धरून माझ्या जागेवर उभी राहिले. तो फोटो आता स्टुडिओत तुमच्या फोटोशेजारी लावलाय.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून निगेटिव्हच्या डब्यात ठेवते. एक सांगायचं राहिलं. त्यानं बटण दाबलं तेव्हा मला हसू आवरलं नाही. गज थोडा हललाय.