सासूबाई काही घेत नाहीत

१२ ऑगस्ट, सोमवार

एल्रॉय हो म्हणाला! म्हणजे त्याच्या पद्धतीचं हो.

सकाळी लोइसचा फोन. तेच पुन्हा. "आई, बर्फ पडायच्या आत दोघं इकडे मिलवॉकीला या. माझ्या बिल्डिंगमध्ये खालचा फ्लॅट रिकामा आहे." मार्चमध्ये एल्रॉयला पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून पोरीने हेच लावून धरलंय. आणि खरं सांगायचं तर मलाही जायचंय. हिवाळ्याची भीती वाटते मला. लाकडं कोण फोडणार? हा बर्फात पडला तर उचलणार कोण? या तळ्याकाठी आमच्या जवळ राहतं कोण — बदकं.

फोन ठेवला, तर खुर्चीतून म्हणाला, "सासूबाई लागल्या की त्याच दिवशी बॅग भरतो. चकार शब्द काढणार नाही. नाही लागल्या तर इथेच." झटक्यानंतर एवढं लांब पहिल्यांदाच बोलला. "तू टाक गळ. मी सांगतो कसा."

मी म्हटलं, ठरलं.

१३ ऑगस्ट

सासूबाई म्हणजे मस्की, या तळ्यातला सगळ्यात मोठा शिकारी मासा. बुडालेल्या ओंडक्याखाली राहतात. लांबी माझ्या कमरेच्या वर, तोंडात करवत, बदकाची पिल्लं गिळतात. एल्रॉय किती वर्षं त्यांच्या मागे आहे ते तोही सांगू शकणार नाही. नाव त्यानेच ठेवलं. "तुझ्या आईसारखीच गं! मागे मागे येते, बघते, तोंड वाकडं करते आणि काही न घेता निघून जाते."

आई तेव्हा जिवंत होती. शेजारीच बसलेली.

१९ ऑगस्ट, सोमवार

आमच्याकडे नवरा गळ टाकतो आणि बायको जाळं धरून बसते. लग्न झाल्यापासून मी जाळंच धरलंय. आता उलट. तो मागे बसून डाव्या हाताने मोटर चालवतो आणि जाळं त्याच्या पायांशी.

पहिल्या फेकीत आमिषाचा लाकडी मासा झाडावर. दुसऱ्या फेकीत एल्रॉयच्या टोपीवर.

"टोपीत मस्की नाही," तो म्हणाला.

२१ ऑगस्ट

खांदा गेला. काही नाही.

२८ ऑगस्ट, बुधवार

आल्या!!

आमिष होडीपाशी आलं की लगेच वर काढायचं नसतं. गळाच्या काठीचं टोक पाण्यात घालून दोन वेटोळी काढायची, एकाला एक चिकटलेली. मस्की मागे मागे येते आणि शेवटच्या क्षणी तिचा विचार बदलतो. एवढं मला ठाऊक आहे, जाळं धरून बघितलंय आयुष्यभर. तर वेटोळी काढत होते आणि खालून एक काळा ओंडका वर आला. ओंडक्याला डोळे होते. लाकडी मासा तोंडात घेतला!

"थांब!" एल्रॉय मागून ओरडला. "गिळू दे तिला. सावकाश दहा मोज. मग ओढ."

मोजले. ओढलं. काठी हलकी. सासूबाई थुंकून गेल्या होत्या.

"घाई केलीस," म्हणाला. मी! घाई!

१ सप्टेंबर, रविवार

चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटले तर डोळ्यांपुढे तोच ओंडका. पाद्रीबाबा कशावर बोलले, देवच जाणे.

५ सप्टेंबर

एल्रॉयने डाव्या हाताने गळांना कानस लावली. अख्खी दुपार लागली. मध्ये दोनदा शिव्या दिल्या, स्पष्ट उच्चारात. हॉस्पिटलातल्या त्या बोलायला शिकवणाऱ्या पोरीला ऐकवायला हव्या होत्या.

१४ सप्टेंबर, शनिवार

पुन्हा आल्या. पुन्हा घेतलं. पुन्हा दहा मोजले, या वेळी अगदी शाळेतल्यासारखे. पुन्हा गेल्या.

घरी येईपर्यंत रडले. मासा गेला म्हणून रडणारी बाई मी कधीच नव्हते. नंतर कॉफी एल्रॉयने केली. अर्धी सांडली.

२१ सप्टेंबर, शनिवार

स्टॅशच्या दुकानात गेले होते, तार आणायला. आमिषं, दारूगोळा, ब्रँडी सगळं एकाच काउंटरवर. मागच्या भिंतीवर फोटो — जो मस्की पकडेल त्याचा फोटो तिथे लागतोच, तोपर्यंत गावात कुणी खरं मानत नाही. एल्रॉयच्या नावाची जागा स्टॅशने रिकामी ठेवलीय, खिळ्यासकट. थट्टा म्हणून.

"काय वहिनी, दोनदा हातची घालवली म्हणे?"

"दहा मोजूनसुद्धा," मी म्हटलं.

"काय मोजून?"

सांगितलं. स्टॅश हातातला डबा खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिला. "वहिनी, ते जिवंत मासा लावून धरायचे तेव्हा. आमचे आजे थांबायचे. लाकडी माशाला कोण थांबतं? चावल्या क्षणी झटका द्यायचा! लाकूड आहे कळायला तिला किती वेळ लागतो? हे एल्रॉयला माहीत नाही?"

माहीत नाही! एल्रॉयला! तो झोपेतसुद्धा झटका देतो. मी शेजारी झोपते, मला विचारा.

जाळ्याच्या जागेवरून दिसतं सगळं, पण चावा हाताला लागत नाही. मला कळणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

२२ सप्टेंबर

बोलले नाही.

२३ सप्टेंबर

बोलले नाही. सूप दिलं. गार.

२४ सप्टेंबर, मंगळवार

संध्याकाळी मी लाकडं रचत होते. तो काठी टेकत आला, कोपऱ्यात उभा राहिला.

"फसवलं तुला," म्हणाला.

"कळलं."

"लोइसच्या खिडकीतून गाड्या उभ्या दिसतात. दुसरं काही नाही. मी बघून आलोय." मग बराच वेळ शब्द सापडेना. मी मदत केली नाही. "मला नाही जायचं, अर्डिस. इथे मी निदान कुणीतरी आहे."

मीही मग सोडलं नाही. म्हटलं, आणि मी? मी काय भीतीने मरू इथे? ते सांगायची लाज वाटली म्हणून मला मूर्ख बनवलंस? मी त्या माशासाठी खांदा मोडून घेतला रे!

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "उद्यापासून खरं सांगतो. शब्द दिलाय. लागली की जाऊ."

रागाने झोपले. पण गार सूप काही दिलं नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

खरं सांगतोय. भयंकर आहे. "मनगट! मनगट! हे काय पोळ्या लाटतेस?" दिवसभर तोंड चालू. उन्हाळ्यात दिवसाला चार शब्द होते. आता मला कापूस हवाय कानात.

होडीत उभं राहून जाळं उचलायची सवय करतोय. दांडा काखेत, डावा हात पुढे. दोनदा पाण्यात पडता पडता वाचला. त्याला नाही, मला घाम फुटला.

५ ऑक्टोबर, शनिवार

एल्रॉयने डाव्या हाताने चुलीपुरत्या ढलप्या काढल्या. कुऱ्हाड छोटी. ढीगही छोटा. त्याच ढलप्यांवर मी बटाट्याची धिरडी केली.

स्टॅश म्हणाला, "बर्फ मी ढकलून देईन वहिनी, माझ्या ट्रकला पातं आहेच. विचारलं असतंत तर!" विचारलं नव्हतं खरं. एवढे दिवस नुसती घाबरत बसले.

लोइसचा फोन. महिनाअखेरीस ट्रक घेऊन येते म्हणाली, तुम्ही फक्त नक्की कळवा. "आजी लागली का?" तीही त्या माशाला आजीच म्हणते.

९ ऑक्टोबर

हिमाचे कण. ओंडक्यापाशी कुणी नाही. हात निळे. मजा आली. हे मी लिहिलंय?

१२ ऑक्टोबर, शनिवार

नीट लिहिते.

उजाडल्यावर निघालो. पाणी स्थिर. आमिष होडीपाशी आलं, पहिलं वेटोळं, दुसरं वेटोळं, आणि सासूबाई होडीखालून आल्या. घाई नाही, हक्काच्या घरात यावं तशा. तोंड उघडलं.

एल्रॉयने श्वास रोखला. ओरडला नाही. मी झटका दिला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यात आठवतं. काठी वाकली. होडी फिरली. एकदा त्या पूर्ण पाण्याबाहेर आल्या आणि मी "आई गं!" ओरडले, आणि एल्रॉय त्यातही हसला. मग तो उठला. दांडा काखेत, गुडघा बाकाला टेकवून, डाव्या हाताने एका दमात जाळं त्यांच्याखाली! मला उभ्या जन्मात असं कधी जमलं नाही.

वर घेतलं नाही. पाण्यातच ठेवलं. गळ मी काढला. फोटो काढला. मग त्यांना दम येईपर्यंत त्याने शेपटी धरून ठेवली, डावा हात मनगटाच्या वर बर्फासारख्या पाण्यात. उजवा नुसता तरंगत होता. कल्ले हलले. शेपटी त्याच्या मुठीतून सुटली आणि त्या खाली गेल्या.

"बघ, शेवटी काही घेतलंच नाही," म्हणाला. आणि रडायला लागला. मीही रडले. दोघं म्हातारे होडीत बसून रडतोय, आणि बदकं बघताहेत.

घरी आल्यावर कोरडे कपडे केले. मी कॉफी ठेवेपर्यंत त्याने पलंगाखालून बॅग ओढली. एका हाताने मोजे भरले, लोकरीचे, एकेक करून. चकार शब्द नाही. शब्द पाळत होता. खिडकीकडे एकदाही बघितलं नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

लोइसचा फोन. "आजी लागली का गं?"

एल्रॉय बॅगेशेजारी बसला होता, कोट घालून.

म्हटलं, "नाही गं बाई. आल्या, बघितलं, गेल्या. ट्रक आणू नकोस."

त्याने बॅगेतून मोजे काढले आणि पायात घालायला घेतले. एका हाताने वेळ लागतो. मी मदत केली नाही.