घोरपडीची तरतूद

मी, सुवार्ता विल्सन त्रिभुवन, वय २७, धर्म ख्रिस्ती, राहणार श्रीरामपूर, काम रुग्णालयात रक्त तपासण्याचे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्या रक्ताची काच मीच रंगवली, सूक्ष्मदर्शकाखाली मीच पाहिली. पांढऱ्या पेशी एक लाख चाळीस हजार; निरोगी माणसात दहा-अकरा हजारांच्या आत असतात. दोनदा मोजल्या. मी उन्हाळा पाहीन असे डॉक्टर म्हणत नाहीत. मीही म्हणत नाही.

१. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा थोरला भाऊ जॉर्ज याची मुलगी मरिया हिला. तिने नर्सिंग शिकावे. तिच्या लग्नाची कोणी घाई करू नये.

२. शेजारच्या गोजरबाईंनी गल्लीत सांगितले की घोरपडीची फुंकर लागून माझे रक्त नासले. त्यांना माझ्या रक्ताची एक काच द्यावी. तीत घोरपड दिसल्यास त्यांनी खुशाल सांगत फिरावे.

३. माझ्या घरी एक घोरपड आहे. मागच्या वर्षी दुष्काळी कामावर मी मजुरांचे रक्त तपासायला गेले होते, तेव्हा खडी फोडताना त्यांना ती दगडांत सापडली. टिकावाने शेपटाचे टोक तुटले होते. एक मजूर तिला शिजवायला नेत होता, त्याच्याकडून मी ती सोडवून घेतली. लांबी ८७ सेंटिमीटर. दर रविवारी मोजते. नाव ठेवलेले नाही. तिची माझ्यावर माया आहे असे मी लिहिणार नाही. अंडे फोडल्याचा आवाज आला की येते. मला ताप चढला की पोटाशी येऊन पडते, कारण तेव्हा मी गरम असते.

जॉर्जदादा कंबरदुखीवर लावायला तिचे तेल मागतो. मी जिवंत असेपर्यंत नाही, असे सांगितले. तो म्हणाला, "तू काय उरावर घिऊन जानार हायस का तिला? मंग मागं तरी माझ्या नावानं कर." म्हणून लिहिते: माझ्या पश्चात ही घोरपड जॉर्जदादाला.

४. ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्यात लिहून दिलेली वस्तू मिळत नाही. सही चालते, देणगी रद्द होते. हे मला वकिलांनी सांगितले. दादाला कोणी सांगितलेले नाही. मी साक्षीला दुसरी दोन माणसे ठरवली होती. दादा रागावला. "घरातला मोठा मानूस मी. पैली सही माझी. लोक काय म्हनतील?" मी बरं म्हटले. तो कलम तीन वाचील, पान उलटणार नाही. ही फसवणूक आहे, हे मला मान्य आहे.

५. जी देणगी रद्द होईल ती बनुबाईला. बनुबाई आमच्या रुग्णालयात आया आहे, मूळची राजूरची. तिने घोरपड मी गेले त्याच दिवशी न्यावी आणि ऊन तापू लागले की भंडारदऱ्याच्या वरच्या डोंगरात सोडावी. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "ताई, आमच्याकडं खात्यात ती. लई ग्वाड लागती. पन तुमची न्हाई खानार." एवढ्यावर मी विश्वास ठेवते. घराची दुसरी किल्ली तिला दिली आहे.

६. पेशी मोजायची काच माझी स्वतःची आहे. माझ्या जागी येईल तिला द्यावी. तडा नाही.

७. कबरीवर वचन नको. नाव आणि तारखा पुरेत.

ठिकाण श्रीरामपूर, दिनांक ११ नोव्हेंबर १९७३
(सही) सुवार्ता विल्सन त्रिभुवन

आमच्या समक्ष सही केली:
१. (सही) जॉर्ज विल्सन त्रिभुवन, भाऊ
२. (सही) रंगनाथ पुंजाराम शेळके, कंपाउंडर

सह्यांनंतरची नोंद: पेन खाली ठेवून दादा म्हणाला, "माझी कंबर धडधाकट हाय, सुवार्ते. तेल कुनाला पायजे? तुझं रक्त सुधराया तिचं ताजं रक्त पाजायचं हुतं तुला, म्हनून मागत हुतो; माझ्या नावानं झाली की आत्ताच दिशील वाटलं. अजून टाईम हाय. आन तिला हिकडं."

मी आणली नाही. मृत्युपत्रात बदल नाही.